कर्नल घरी बांधताना : वाचकांचे प्रश्न

(कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि 'बांधणं' म्हणजे सोर्सपासून तो चालवता येईल असा तयार करणं. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

प्रश्न : उबुंटूवर कर्नल डॉट ऑर्गवरून लिनक्स कर्नलचा सोर्स उतरवला आणि बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी) त्यात डॉट-कॉन्फिग नावाने ठेवली. 'मेक' (बांधणीची आज्ञा) दिलं की 'कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम' बनवायचा नियम सापडत नाही, असं म्हणून काम थांबतं. सोर्स अर्धवट उतरला असेल का?

उत्तर : सोर्स ठीक आहे, उसनी आणलेली कॉन्फिग फाइल नडते आहे. उबुंटूचे लोक कर्नलमध्ये स्वतःची प्रमाणपत्रं घालतात आणि ती त्यांच्या सोर्समधल्या 'डेबियन' फोल्डरमध्ये असतात. मूळ सोर्समध्ये ते फोल्डरच नाही. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' या स्क्रिप्टला '--सेट-एसटीआर' देऊन 'सिस्टिम_ट्रस्टेड_कीज' आणि 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' या दोन्हींची किंमत रिकामी करा, म्हणजे नुसती अवतरणचिन्हं. मग 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा. नव्या आवृत्तीत आलेल्या पर्यायांना त्याने मूळ किमती लागतात.

तिथेच असताना 'मेक मेनूकॉन्फिग'मध्ये कर्नल हॅकिंगखाली डीबग इन्फर्मेशन (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद करा. ती चालू राहिली तर बांधणीला २०-३० जीबी जागा लागू शकते, आणि शेवटी 'पाहोल' हा प्रोग्राम नाही म्हणून लिंकिंग, म्हणजे तुकड्यांची जोडणी, अडू शकतं (तो 'ड्वार्व्हज' पॅकेजात मिळतो). बाकी सामान : बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह. पॅकेज बांधायचं तर डेबहेल्पर आणि आरसिंकही. सोर्सच्या फोल्डरच्या वाटेत कुठेही रिकामी जागा नको. 'माझे काम' अशा नावाच्या फोल्डरात बांधणी सुरूच होत नाही.

आणि '-जे८' (एका वेळी आठ कामं) देऊन बांधताना खरी चूक शंभर ओळी वर निघून जाते. खाली दिसतो तो नुसता 'एरर २'. तेव्हा '-जे' न देता 'मेक' पुन्हा चालवा, चूक शेवटच्या काही ओळींत येऊन थांबेल. चुकीत 'किल्ड' दिसलं तर मेमरी संपली आहे, '-जे'चा आकडा कमी करा.

प्रश्न : 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरून बांधणी फार लवकर झाली, पण नव्या कर्नलवर वायफायचा डोंगल आणि पेनड्राइव्ह चालत नाहीत.

उत्तर : ही आज्ञा 'एलएसमॉड'ची यादी बघते आणि त्या क्षणी मेमरीत नसलेली मॉड्यूल्स (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) कॉन्फिगमधून वगळते. डोंगल तेव्हा लावलेला नसणार. जुन्या कर्नलवर जा, एकूण एक वस्तू जोडा, पेनड्राइव्ह नुसता खोचू नका, माउंटही करा, म्हणजे आतल्या फाइली दिसतील असा उघडा (एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या फाइलसिस्टिमचं मॉड्यूल त्याशिवाय चढत नाही), व्हीपीएन वापरत असाल तर तेही चालू करा. मग जुनी पूर्ण कॉन्फिग परत आणून ही आज्ञा द्या. छाटलेल्या फाइलवर पुन्हा चालवून गेलेले ड्रायव्हर परत येत नाहीत.

प्रश्न : 'मेक इन्स्टॉल' करून रीबूट केलं, तर कर्नल पॅनिक : रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही, 'अननोन-ब्लॉक (०,०)'. आता काय?

उत्तर : ग्रबमध्ये (बूट होताना कर्नल निवडायचा मेनू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा (मेनू दिसत नसेल तर सुरुवातीलाच एस्केप). म्हणूनच जुना कर्नल काढायचा नसतो.

(०,०) दिसलं की बहुतेक वेळा इनिटआरडी (बूट होताना कर्नलला डिस्कचे ड्रायव्हर पुरवणारी फाइल) मिळालेलीच नसते. 'डीएफ -एच /बूट' देऊन जागा किती उरली ते बघा. बूटचं वेगळं पार्टिशन भरलं की ती फाइल तयार होत नाही किंवा अर्धीच राहते. डीबग माहितीसकट मॉड्यूल्स आली असतील तर इनिटआरडी कित्येक पटींनी फुगते. 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' (हे मोठ्या अक्षरांत) देऊन 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' पुन्हा करा, मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि आवृत्ती, शेवटी 'अपडेट-ग्रब'. पॅनिकऐवजी 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट आला असता तर दुखणं वेगळं : इनिटआरडी आहे, पण आत डिस्कचा ड्रायव्हर नाही. 'मॉड्यूल्स_इन्स्टॉल'च्या आधी 'मेक इन्स्टॉल' केलं की हमखास हे होतं.

पुढच्या वेळी 'मेक बिनडेब-पीकेजी' वापरा. डेब पॅकेजेस बनतात, 'डीपीकेजी -आय'ने बसतात आणि नको झाली की एपीटीने निघतात. कॉन्फिगमधल्या 'लोकलव्हर्शन'मध्ये आवृत्तीच्या नावाला स्वतःचं शेपूट लावा, नाहीतर त्याच आवृत्तीची दुसरी बांधणी पहिलीच्या मॉड्यूल्सवर जाऊन बसते.

प्रश्न : नवा कर्नल निवडला की 'बॅड शिम सिग्नेचर' येतं.

उत्तर : सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर सही नाही. एकतर फर्मवेअरमध्ये (बायोस सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करा, किंवा स्वतःची चावी बनवून 'एसबीसाइन'ने सही करा आणि 'मॉकयुटिल --इम्पोर्ट'ने ती नोंदवा. रीबूटनंतरच्या निळ्या पडद्यावर, नोंदवताना दिलेला पासवर्ड विचारला जातो. त्याच मशीनवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.