पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांचं प्रजनन चौथी-पाचवीच्या मुलांना कसं समजावून सांगावं?

‘कणा असलेले पिल्लं देतात, कणा नसलेले अंडी घालतात’ असा तक्ता फळ्यावर काढणार असाल तर तो आधी पुसा. कणा आणि प्रजननाची पद्धत यांची अशी जोडी लागतच नाही. बेडूक, पाल, चिमणी यांना कणा आहे आणि तिघंही अंडी घालतात. विंचवाला कणा नाही, पण त्याची मादी थेट पिल्लं देते आणि पाठीवर घेऊन फिरते.

मी वडोदऱ्यात प्राथमिकच्या मुलांना पर्यावरण शिकवते. प्राणी कुठलाही असो, प्रश्न तीनच विचारते. पालक एक की दोन? अंडपेशी आणि शुक्रपेशी एकत्र येतात, म्हणजे फलन होतं, ते कुठे, मादीच्या शरीरात की बाहेर? आणि पिल्लू वाढतं कुठे?

आमच्याकडे सुरुवात मगरीपासून. विश्वामित्री नदीतली मगर मुलांनी पुलावरून पाहिलेली असते, नाहीतर पावसाळ्यात कुणाच्या तरी सोसायटीत शिरल्याचा व्हिडिओ. पालक दोन, फलन मादीच्या शरीरात, पण पिल्लू वाढतं ते काठावरच्या मातीत पुरलेल्या अंड्यात. आतून नर निघणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं म्हटलं की मुलं एकदम गप्प होतात. पिल्लं अंड्यातूनच आवाज देऊ लागली की आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात सोडते. इथे ‘खाते का?’ हा प्रश्न येणारच.

मग बेडूक. मादी पाण्यात अंडी सोडते, नर तिथेच त्यांच्यावर शुक्रपेशी सोडतो, म्हणजे फलन बाहेर. सस्तन प्राण्यांवर फार वेळ घालवू नका. कुत्रीचं पिल्लू पोटात साधारण २ महिने वाढतं, गाईचं ९, हत्तिणीचं जवळपास २२, एवढं सांगितलं की मुलं आपापसात बोलत बसतात.

पक्ष्यांसाठी कोंबडीचं अंडं वर्गात नेऊ नका. आमच्याकडे कितीतरी घरांत ते स्वयंपाकघरातही येत नाही. गॅलरीतलं कबुतर सगळ्यांना चालतं. बहुधा दोन अंडी, नर-मादी आळीपाळीने बसतात, १७-१८ दिवसांत पिल्लं. दोघंही त्यांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं काहीतरी भरवतात. ‘मग कबुतर सस्तन का नाही?’ असं कुणी विचारलं तर तास सार्थकी लागला समजा, कारण उत्तर सोपं आहे: त्याला स्तन नाहीत. दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघत नाही, हेही विचारतील. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, पण त्यात शुक्रपेशी पोचलेली नसते.

कणा नसलेल्यांमध्ये गांडूळ घ्याच. एकाच गांडुळात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, तरी दोन गांडुळं शुक्रपेशींची देवाणघेवाण करतात. हायड्रा या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्याचं चित्र पुरेल: अंगावर कोंब फुटतो, वाढतो, सुटून वेगळा हायड्रा होतो. पालक एकच. झाडावरच्या मावा या बारीक किडीची मादी तर नराशिवायच जिवंत पिल्लं देते. आणि अंगणात कढीपत्ता असेल तर पानं उलटून पाहायला सांगा. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडल्या की अळी, कोष, फुलपाखरू हे सगळं बरणीत साधारण महिन्याभरात दिसतं.

अवघड प्रश्न एकच: ‘ताई, शुक्रपेशी आत जातात कशा?’ न हसता, त्याच आवाजात सांगा: नर आणि मादी जवळ येतात आणि नराच्या शरीरातून त्या मादीच्या शरीरात सोडल्या जातात. तुम्ही अडखळलात तर मुलं तेवढंच लक्षात ठेवतील. ‘आणि माणसाचं?’ असं विचारलं तर माणूस सस्तन आहे, तेच तीन प्रश्न लावायला सांगा. मात्र हा धडा घ्यायच्या आठवडाभर आधी पालकांना दोन ओळी कळवून ठेवा, म्हणजे त्या संध्याकाळी घरी कुणी ‘तुला देवाने दिलं’ म्हणणार नाही.