फायनल फॅन्टसी १६ नंतर ड्रॅगन क्वेस्ट ११ इतका जुनाट का वाटतो?

तुम्ही विचारलंय की फायनल फॅन्टसी १६ हा जपानी व्हिडिओ गेम संपवल्यावर मित्राच्या आग्रहावरून ड्रॅगन क्वेस्ट ११ हा दुसरा जपानी गेम सुरू केला आणि दहा तासांत कंटाळा आला. तिकडे तलवार फिरवायची, ऐनवेळी वार चुकवायचा. इकडे हल्ला, मंत्र, बचाव अशी यादी पुढ्यात येते आणि आपली निवड होईपर्यंत राक्षस जागच्या जागी डुलत उभा. मग जपानी कंपन्या चाळीस वर्षांपूर्वीची ही रीत सोडत का नाहीत, नवं करायची त्यांना भीती वाटते का?

हे गेम मी गेली पंधरा-सोळा वर्षं मनापासून खेळतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. भीतीचा अंश आहे, तो पुढे सांगतो. पण आधी ती रीत आली कुठून ते पाहू, कारण आज जिला आपण परंपरा म्हणतो ती तेव्हा मोठ्या धाडसाची गोष्ट होती.

मी जपानी पुण्यात शिकलो आणि पुढे तीन वर्षं नागोयात नोकरीला होतो. तिथे ओसू नावाचा जुना बाजार आहे. तिथल्या एका सेकंडहँड दुकानात मला पहिल्या ड्रॅगन क्वेस्टची कॅसेट मिळाली. (लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या त्या चौकोनी डबीला आपण कॅसेट म्हणायचो. जपानीतही शब्द तोच, कासेत्तो.) हा गेम २७ मे १९८६ रोजी फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या गेमयंत्रावर आला. कॅसेटमध्ये जागा अवघी ६४ किलोबाइट. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, बसवायला जागाच नाही, म्हणून सगळा मजकूर उच्चाराप्रमाणे लिहायच्या काना लिपीत, छोट्या छोट्या वाक्यांत. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला सराव नाही.

खेळ सुरू होतो तो राजाच्या दालनात. दार बंद, समोर तीन पेट्या. पेटी उघडायची तर मेन्यूतून तशी आज्ञा द्यायची. एका पेटीत किल्ली सापडते, ती वापरली की दार उघडतं. पुढे जिना, आणि जिना उतरायलाही वेगळी आज्ञा. कुणाशी बोलायचं तर कोणत्या दिशेला तोंड करून बोलायचं तेही सांगायचं. आज हे वेळखाऊ वाटेल. पण त्या एका दालनातून बाहेर पडेपर्यंत खेळाडूने गेमच्या मुख्य आज्ञा स्वतःच्या हाताने वापरलेल्या असतात. ही खोली हाच शिकवणीचा वर्ग होता, आणि तो मुद्दाम बांधलेला होता.

कारण १९८६ मध्ये जपानमधल्या बहुतेक मुलांनी आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला हळूहळू वाढवत न्यायचा गेम) म्हणजे काय हे पाहिलेलंच नव्हतं. विझर्ड्री आणि अल्टिमा हे अमेरिकेतले गेम संगणकावर चालायचे. कीबोर्डभर आज्ञा, सगळं अवघड, आणि मेलात तर बरंच काही गमावून बसायचात. ड्रॅगन क्वेस्टचे कर्ते युजी होरी या दोन्हींचे चाहते होते. ते ‘शोनेन जम्प’ या मांगा (जपानी कॉमिक्स) साप्ताहिकासाठी लिहायचे आणि त्याआधी १९८३ मध्ये त्यांनी पोर्टोपिया हा खुनाच्या तपासाचा गेम केला होता. तपासगेममध्ये आधी शब्द टाइप करावे लागत. पुढे होरींनी त्याऐवजी निवडायची यादी आणली. तुम्हाला कंटाळवाणी वाटलेली यादी ती हीच. दोन बटणांच्या कंट्रोलरवर, आठ-दहा वर्षांच्या मुलाला, संगणकावरचा गुंतागुंतीचा खेळ खेळता यावा म्हणून ती आली.

आकडेही असेच विचारपूर्वक ठेवलेले. पहिला राक्षस स्लाइम. तो मारला की १ अनुभवगुण, आणि दुसऱ्या लेव्हलला लागतात ७. म्हणजे अगदी नवखा मुलगासुद्धा काही मिनिटांत ‘मी वाढलो’ हे अनुभवतो. (स्लाइमसाठी होरींनी दिलेलं चित्र म्हणजे नुसता लिबलिबीत गोळा होता. गेमचे चित्रकार अकिरा तोरियामांनी त्याचा हसरा पाण्याचा थेंब केला, आणि तो थेंब आजही तसाच हसतो.) मेलात तर राजा पुन्हा उभं करतो. निम्मं सोनं जातं, कमावलेली लेव्हल मात्र जात नाही. हरलेल्या लढाईतूनही तुम्ही थोडे पुढेच आलेले असता. माझ्या मते होरींचा सगळ्यात मोठा शोध हाच.

खेळ जतन करायची सोय कॅसेटमध्ये नव्हती. त्याऐवजी राजा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगायचा, वीस काना अक्षरांचा. ही अक्षरं ५-७-५-३ अशी मांडलेली असतात, म्हणजे पहिल्या तीन ओळी हायकूच्याच मापाच्या. मी त्या वहीत उतरवून घ्यायचो. एक अक्षर चुकलं की मंत्र लागू होत नाही. पुढे तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि हा मंत्र गेला. त्याच्यासाठी कोणी अडून बसलं नाही, कारण ती तात्पुरती सोय होती आणि तिच्यामागे जपण्यासारखं कारण नव्हतं.

माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे. परंपरेत दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात: रीत, आणि त्या रीतीमागचं कारण. ड्रॅगन क्वेस्टने कारणं जपली आणि बाकीचं दर भागात हलवलं. पहिल्यात नायक एकटा, दुसऱ्यात तिघे, तिसऱ्यात आपली टोळी आपणच बांधायची. चौथ्यात (१९९०) मुख्य नायक भेटण्याआधी त्याच्या साथीदारांच्या गोष्टी प्रकरणाप्रकरणाने खेळायच्या. पाचव्यात (१९९२) राक्षसांना सोबती करून घ्यायचं, लग्न करायचं, मुलं वाढवायची. लहान मुलापासून बापापर्यंतचं एक आयुष्य त्यात आहे. १९९२ साली हे कुणी केलं असेल तर त्याला परंपरावादी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लढाईची यादी तेवढी सगळीकडे तीच.

आता भीतीबद्दल. डिसेंबर २००६ मध्ये नववा भाग जाहीर झाला तेव्हा दाखवलेल्या चित्रफितीत थेट मारामारी होती, यादी नव्हती. जपानमधले चाहते भडकले. २००९ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा यादीतून आज्ञा देत पाळीपाळीने लढायची जुनी रीत परत आलेली होती. याला माघार म्हणता येईल, आणि तुमचा संशय इथे काही अंशी बरोबर आहे. पण त्याच गेमने नवेपणा दुसरीकडे नेला. निन्टेन्डो डीएस, म्हणजे हा गेम ज्यावर चालायचा ते छोटं यंत्र, खिशात ठेवून रस्त्याने चालायचं. समोरून येणाऱ्याच्या खिशातही डीएस असेल तर दोघांच्या नकळत पात्रांची आणि खजिन्याच्या नकाशांची देवाणघेवाण व्हायची. टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात माणसं खास त्यासाठी गर्दी करून उभी राहायची. जपानमध्ये या गेमच्या ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. लढाई जुनी राहिली म्हणून लोकांना बाकीचं नवं पचलं, असं मला वाटतं.

फायनल फॅन्टसीची परंपरा नेमकी उलटी: दर भागात घर मोडायचं आणि नवं बांधायचं. हिरोनोबु साकागुचींनी १९८७ मध्ये ती सुरू केली आणि दुसऱ्याच भागात लेव्हलच काढून टाकल्या. जे शस्त्र वापराल त्यात तरबेज व्हाल, एवढंच. चौथ्या भागात (१९९१) हिरोयुकी इतोंनी पाळीला घड्याळ लावलं. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकमेकींना मागे टाकतात, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं सांगितलं जातं. दहावा (२००१) पुन्हा निव्वळ पाळीवर, आणि पुढच्या पाळ्या कोणाच्या हे पडद्यावर आधीच दिसायचं. मला लढाईच्या दृष्टीने तो आजही सगळ्यांत आवडतो. म्हणजे सोळावा भाग तलवारबाजीकडे गेला तो घराण्याच्या वळणावरच गेला. निर्माते नाओकी योशिदा यांनी मुलाखतींत सरळ सांगितलं होतं की यादीतून आज्ञा निवडण्यात काय गंमत आहे हे अनेक तरुण खेळाडूंना कळत नाही. लढाई रचायला त्यांनी डेव्हिल मे क्राय ५ या थेट मारामारीच्या गेमवर काम केलेले रयोता सुझुकी घेतले. तुम्हाला जी तलवार हातात जिवंत वाटली ती त्यांची.

पण मला त्यात एक गोष्ट फार खटकली. तुम्ही फक्त नायक क्लाइव्हला चालवता. टॉर्गल कुत्र्याला इशारे देता येतात, बाकीचे सोबती आपापलं लढतात. चार जणांचा एकत्र विचार करणं, एकीचं रक्त कमी झालंय म्हणून दुसऱ्याने ढाल व्हायचं आणि तिसऱ्याने एक पाळी वाया घालवून औषध द्यायचं, हे उरलं नाही. रीतीबरोबर तिच्यामागचं कारणही गेलं, आणि मला ती जागा शेवटपर्यंत रिकामी वाटत राहिली.

याच्या उलट उदाहरण सांगतो, जे माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे. सेगाची याकुझा मालिका म्हणजे गल्लीतली हाणामारी. १ एप्रिल २०१९ रोजी त्यांनी एक चित्रफीत टाकली, त्यात तेच गुंड पाळीपाळीने आज्ञा घेऊन लढत होते. एप्रिल फूल समजून लोक हसले. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की पुढचा भाग खरोखरच तसा आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये तो आला. मारामारीचा गेम आरपीजी झाला! नायक कासुगा इचिबान, अठरा वर्षं तुरुंगात काढून बाहेर आलेला, बेचाळिशीचा, आणि लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टचा वेडा. गेममध्ये ते नाव उघड घेतलंय. त्याला समोरचा गुंड राक्षसासारखा दिसतो, कारण त्याची कल्पनाच त्या खेळावर पोसलेली आहे. रस्त्यात रुतलेली बेसबॉलची बॅट तो वीराच्या तलवारीसारखी उपसून काढतो. आणि ड्रॅगन क्वेस्ट ३ मध्ये पेशा बदलायला एका देवळात जावं लागायचं, ते आठवून बघा: इथे पेशा बदलायला योकोहामातल्या ‘हॅलो वर्क’मध्ये जायचं. हॅलो वर्क म्हणजे जपानमधली सरकारी रोजगार कचेरी. घर नसलेला, नोकरी गेलेला, समाजाने टाकलेला असे चौघे एकत्र येतात आणि पाळीपाळीने एकमेकांना सावरतात. एकटा लढणारा नायक गेला आणि टोळी आली, म्हणून लढाईची रीत बदलली. इथे जुनी रीत हाच नवेपणा आहे, कारण ती कथेला हवी होती. नागोयात असताना मी हा गेम खेळलो. तिथल्या हॅलो वर्कवरून रोज जायचो, आणि त्या पाटीकडे नंतर कधी पहिल्यासारखं पाहता आलं नाही.

साकागुचींचंही सांगायलाच हवं. २०२१ च्या फॅन्टेजियन या गेममध्ये त्यांनी दीडशेहून जास्त देखावे हाताने बनवून घेतले, छोटी घरं, डोंगर, यंत्रं, आणि त्यांचे फोटो काढून त्यात पात्रं फिरवली. चालता चालता अचानक राक्षस उगवून लढाई सुरू होणं हा या खेळांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात शिव्या खाल्लेला नियम. तो त्यांनी काढला नाही. भेटलेले राक्षस एका यंत्रात साठवून ठेवायचे आणि सवड मिळाली की तीस-तीसांची एकदम लढाई करायची, अशी सोय केली. मंत्राची रेषा वाकवून एका वारात दहा जण लोळवताना जो आनंद होतो तो मला सोळाव्या भागातल्या कुठल्याच लढाईत झाला नाही.

पर्सोना ५ आणि मेटाफर हे जपानी आरपीजी तुम्ही खेळला असालच, नसाल तर खेळा. कच्चे राक्षस मेटाफरमध्ये थेट रस्त्यातच तलवारीने उडवायचे आणि तुल्यबळ असेल त्याच्याशीच पाळीने लढायचं, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या एका छोट्या स्टुडिओने हे जपानी वळण उचलून त्यात नेमक्या क्षणी वार अडवण्याचं कसब घातलं. त्या एक्सपिडिशन ३३ ला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. तरुणांना यादी नको असते, हा समज तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला.

आता तुमच्या दहा तासांबद्दल. एक गोष्ट तपासा. ड्रॅगन क्वेस्ट ११ मध्ये तुमचे साथीदार स्वतःच्या मनाने लढत असतील तर ‘डावपेच’ असा जो मेन्यू आहे त्यात जाऊन प्रत्येकाला ‘आज्ञा पाळ’ वर ठेवा. नाहीतर खेळ तुमच्या वतीने विचार करत राहतो आणि तुमच्याकडे नुसतं बघणं उरतं. याच गेमची नंतर आलेली ‘एस’ आवृत्ती असेल तर लढाईचा वेग सगळ्यात वर न्या. आणि मन तयार असेल तर नव्याने सुरुवात करा. सुरुवातीलाच काही बंधनं निवडता येतात, त्यात राक्षस जास्त ताकदवान करण्याचं एक आहे. हे नंतर काढता येतं, पण मध्येच घालता येत नाही, म्हणून आधीच निवडावं लागतं. त्या बंधनासह पहिला मोठा बॉस समोर आला की बचाव ही आज्ञा यादीत कशासाठी आहे ते तुम्हाला लगेच कळेल. तोवर गेला तर तुमचा एखादा दिवस जाईल. खेळून झाल्यावर कसं वाटलं ते इथेच लिहा, मी वाट बघतो.