जळगावात एकच दिवस आहे; सोनं, कपडे आणि घरी न्यायला काहीतरी, असं सगळं कुठे मिळेल?

सोन्यासाठी थेट सुभाष चौकाजवळचा सराफ बाजार गाठा, कपड्यांसाठी महात्मा फुले मार्केट. दोन्हीकडे पायी फिरता येतं, स्टेशनपासून रिक्षाही लगेच मिळते. मी जळगावचाच, घरच्या लग्नांचे बस्ते आणि दागिने इथेच घेतलेत, त्यातून सांगतो. सोन्याचा भाव दुकानागणिक फारसा बदलत नाही, फरक पडतो तो मजुरीत. म्हणून निदान तीन दुकानांत त्याच वजनाच्या दागिन्याची मजुरी विचारा आणि मगच ठरवा. दागिन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क म्हणजे शुद्धतेचा शिक्का, कॅरेट आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र नंबर, पाहा; तो नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो, दुकानदार रागावत नाही. पक्कं बिल घ्याच, त्यात ३ टक्के जीएसटी येतो. मात्र २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा मुरणी (नाकातली चमकी), बाळ्या घेताना शुद्धता बिलावर लिहून घ्या.

मोबाइलचं काही हवं असेल तर गोलाणी मार्केट. घरी न्यायला (पहिल्या दोन गोष्टी दाणा बाजारातून):
- कळण्याचं पीठ (ज्वारी-उडदाचं)
- केळीचे वेफर्स
- हिवाळ्यात आलात तर भाजीबाजारातून भरताची हिरवी वांगी. जळगावच्या या वांग्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, आणि तशी चव दुसऱ्या वांग्याला येत नाही.