बॅलेचे पॉइंट शूज बोटांना कमी त्रास होईल असे बनवता येतात का?

हो येतात, पण दाब पूर्ण घालवणं कठीण, कारण हे शूज बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचण्यासाठी असतात आणि सगळं अंग शेवटी बुटाच्या इवल्याशा चपट्या टोकावरच तोललेलं असतं. आत लाकूड असतं असं खूप जणांना वाटतं, तसं काही नाही, कापड, गोणपाट नि कागदाचे थर खळीने चिकटवून वाळवलेले असतात, बोटांभोवतीच्या कडक भागाला बॉक्स म्हणतात आणि तळव्याखालच्या पट्टीला शँक.

खरी गोम बॉक्सच्या मापात आहे. त्याच्या बाजूंनी पंजा नीट धरून ठेवला तर बरंचसं वजन तिथे आणि शँकवर वाटलं जातं, सैल असेल तर पाय आत घसरतो आणि भार थेट अंगठ्यावर, मग नख काळंनिळं पडतं, फोड येतात. सैल घेतला की कमी दुखेल ही समजूत अगदी उलटी आहे, प्लीज असं करू नका.

दुसरं म्हणजे खळ घामाने मऊ पडते, प्रोफेशनल डान्सरचा जोड कधीकधी एका शोमध्येच संपतो. न्यूयॉर्कच्या गेनॉर मिंडेन या कंपनीने 1990 च्या दशकात कागद-खळीऐवजी इलॅस्टोमर, म्हणजे लवचिक प्लास्टिकसारखं मटेरियल वापरलं, आत फोमही लावला, त्यामुळे आकार जास्त टिकतो आणि धक्का कमी बसतो. मला हीच दिशा पटते. जेलचे टो पॅड, म्हणजे बोटांवर चढवायच्या मऊ गाद्या, वापरणार असाल तर ट्रायल घेताना ते घालूनच घ्या, नंतर घातले की माप बिघडतं.