दार लावून घेतल्यानंतर

प्रश्न : गेली तीन वर्षे मी एका कादंबरीवर काम करते आहे. लिहिताना मला पूर्ण एकांत लागतो. मध्येच कुणी हाक मारली, तर जुळून आलेले वाक्य विस्कटते आणि माझी चिडचिड होते. एका जुन्या मैत्रिणीचे फोन मी इतक्या वेळा टाळले, की आता तिने फोन करणेच सोडले आहे. परवा माझी मुलगी मनातले काही सांगत होती आणि ऐकता ऐकता मी तिचे एक वाक्य कादंबरीत कुठे बसेल, याचा विचार करू लागले. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘आई, तू इथे नाहीसच.’’ लिहायचे असेल, तर माणसांपासून असे दूर जावेच लागते का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. दार लावून लिहीत बसणे ही एक, आणि समोर माणूस बोलत असताना मनाने कादंबरीतच राहणे ही दुसरी. मुलीची तक्रार दुसरीबद्दल आहे. पहिलीबद्दल तुम्ही अपराधी वाटून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. पात्रे, त्यांचा काळ, मागे सुटलेले धागे हे सारे एकाच वेळी मनात धरल्याशिवाय कादंबरी पुढे सरकत नाही, आणि एका हाकेने ते सांडले, की पुन्हा गोळा करण्यात सबंध सकाळ जाते. म्हणून एकांत मागाच. मात्र तो घरच्यांना सांगून मागा, कधी संपणार हेही सांगा आणि ती वेळ झाली, की परिच्छेद अर्धा राहिला तरी उठा. उठण्यापूर्वी पुढच्या प्रसंगाची एक ओळ कागदावर टिपून ठेवली, तर मन तो प्रसंग दिवसभर घोळवत राहत नाही. निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

माणसे दूर ठेवली, की लेखन आपोआप समृद्ध होते, यावर माझा विश्वास नाही. जानेवारी १९१३मध्ये जर्मन भाषेत लिहिणारा लेखक फ्रान्झ काफ्का याने त्याची प्रेयसी फेलिस बाउअर हिला लिहिलेल्या पत्रात, बंद तळघराच्या अगदी आतल्या खोलीत लेखनसाहित्य आणि दिवा घेऊन राहण्याची इच्छा व्यक्त केली होती. मात्र त्याच काफ्काने २० सप्टेंबर १९१२ रोजी तिला पहिले पत्र लिहिले आणि दोनच दिवसांनी, रात्री दहा ते सकाळी सहा अशा एका बैठकीत, एक अख्खी कथा लिहून काढून तिलाच अर्पण केली. ती रात्र त्याने एकट्याने काढली हे खरे, पण ती कथा एका माणसाच्या ओढीतून आली असावी, असे मला वाटते. पुढे त्या दोघांचा साखरपुडा दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मोडला, त्यामुळे त्याचे आयुष्य कुणी कित्ता म्हणून गिरवावे, असे मी म्हणणार नाही.

आता मुलीविषयी. तिचे वाक्य तुम्ही मनात टिपले, यात क्रूरपणा नाही, कारण लिहिणाऱ्याचे कान असेच घडलेले असतात. परंतु त्या क्षणी तिला ऐकणारी आई हवी होती. पुन्हा असे झाले, तर ते वाक्य सरळ जाऊ द्या. ते खरोखर कादंबरीचे असेल, तर काही दिवसांनी बदललेल्या रूपात स्वतःहून परत येईल. तिचे बोलणे मात्र तसे परत येईलच, असे नाही. तिच्याशी याविषयी मोकळेपणाने बोला, तुमचे लक्ष कुठे गेले होते हेही सांगा, आणि तिच्या आयुष्यातले काही कादंबरीत घेण्याची वेळ आली, तर आधी तिला विचारा.

मैत्रिणीला या आठवड्यात तुम्हीच फोन करा. कादंबरीची सबब पुढे न करता, फोन टाळले हे कबूल करा आणि मग तिचे या काळात काय काय झाले, ते तिला सांगू द्या.