‘आम्ही ट्रस्ट आहोत’ म्हणून सुटका नाही : शाळा आणि रुग्णालयांचे प्रश्न

प्रश्न : आमची विनाअनुदानित इंग्रजी शाळा आहे. शिक्षक-शिक्षकेतर मिळून 19 जण. शिक्षिकांना दर जूनला अकरा महिन्यांची ऑर्डर देतो, मेमध्ये ब्रेक. आठ वर्षं शिकवून एका मॅडमनी गेल्या महिन्यात राजीनामा दिला, आता ग्रॅच्युइटी मागतात. शिक्षकांना ती लागू नसते ना? शिवाय आम्ही धर्मादाय ट्रस्ट आहोत. (संस्थेचे सचिव, सांगली जिल्हा)

लागू आहे, आणि आजची नाही. तुमच्या कानावर असलेला निकाल 2004चा. शिक्षक ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. संसदेने 2009मध्ये व्याख्याच बदलली आणि तो बदल 3 एप्रिल 1997पासून लागू केला. खासगी शाळांनी त्याला दिलेलं आव्हान 29 ऑगस्ट 2022ला फेटाळलं गेलं. ट्रस्ट असण्याने फरक पडत नाही. दहा माणसं कामाला असली की पुरे.

मेचा ब्रेक हा आपल्या संस्थांचा लाडका तोडगा. पण बारा महिन्यांत 240 दिवस भरले की ते वर्ष सलग सेवेचं धरतात. जून ते एप्रिल मोजून बघा. त्यातच 21 नोव्हेंबर 2025पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मुदतीच्या करारावरच्या माणसाला पाच वर्षांची अट आता राहिलेली नाही. वर्षभराच्या सेवेवरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. त्यामुळे ‘करार मुदतीचा होता’ हा बचाव फारसा कामाचा नाही.

आता खरी मेख पगारपत्रकात. समजा मॅडमचा पगार 24,000 आहे. त्यात मूळ वेतन 8,000, उरलेले 16,000 घरभाडे आणि प्रवास भत्ता. जुन्या हिशेबात आठ वर्षांचे 8,000 × 15 ÷ 26 × 8, म्हणजे सुमारे 36,923 रुपये झाले असते. संहितांमधल्या ‘वेतना’च्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनात परत येते. म्हणून वेतन 12,000 धरायचं आणि ग्रॅच्युइटी सुमारे 55,385. ती 30 दिवसांत द्यायची असते. उशीर झाला की व्याज चढतं. माझं ऐकाल तर वकिलाला फी देण्याआधी मॅडमना चेक द्या.

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेतले दोन शिक्षक टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेले नाहीत. एक 54 वर्षांचे, दुसरे 46. दोघंही 2009च्या आधी लागलेले. त्यांना आत्ताच नोटीस द्यायची का? (मुख्याध्यापिका, अहिल्यानगर)

नोटीस अजिबात नको. सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025चा निकाल निवृत्तीला किती वर्षं उरली ते पाहतो. 54 वर्षांच्या सरांना 58पर्यंत पाच वर्षांहून कमी उरली होती, तेव्हा ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत शिकवू शकतात; मात्र पदोन्नती मिळणार नाही. 46 वर्षांच्या सरांना निकालापासून दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. झाले नाहीत तर सक्तीची निवृत्ती, पण नियमाप्रमाणे सेवा भरली असेल तर निवृत्तीचे लाभ द्यावे लागतील. आत्ता एवढंच करा : दोघांना निकालाची माहिती देणारं साधं पत्र द्या, पोच घ्या. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. तुमची संस्था तशी असेल तर घाई करूच नका. वीस-वीस वर्षं शिकवलेल्यांना परीक्षेला बसवणं मला कठोर वाटतं, पण निकाल आहे तो असा.

प्रश्न : रुग्णालयात 60 जणांचा स्टाफ आहे. एका सिस्टरचा करार मार्चअखेर संपतो आणि बाळंतपण फेब्रुवारीत. मार्चनंतरचे पैसे आम्ही का द्यायचे? (डॉक्टर, नाशिक)

कारण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023मध्ये नेमकं हेच ठरवलं आहे. प्रकरण दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरचं होतं : हक्क मिळाला की करार संपला तरी लाभ पूर्ण मुदतीचा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं, की 26 आठवडे. दोन अपत्यं आधीच असतील तर 12. सिस्टर ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत असतील (पगार 21,000पर्यंत) तर पैसे महामंडळ देतं, तुमच्या खिशाला चाट नाही. म्हणून वर्गणी वेळेवर भरलेली आहे ना, ते आधी तपासा. आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं असल्याने पाळणाघराची सोयही तुम्हाला बंधनकारक आहे, ती केलीत का?

प्रश्न : आमच्या दवाखान्यात आठ जण आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी का? (डेंटिस्ट, फोंडा)

दहाच्या आत असाल तर स्वतःची नको. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहा झाले की हवीच, बाहेरची एक सदस्य धरून, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या संस्थांना समित्या तपासायला लावल्या, तेव्हा तुमच्या भागात ही बाब नवी नसावी. आठात रिसेप्शनिस्ट आणि सफाईच्या मावशी धरल्या आहेत ना, तेवढं पुन्हा मोजा. कंत्राटी आणि रोजंदारीवरचेही या कायद्यात येतात.