वाचकांचे प्रश्न : परदेशात वाढलेला फुटबॉलपटू आणि वडिलांचा देश

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला आणि काही वर्षांनी त्याने तेथील नागरिकत्व घेतले. त्याचा मुलगा तिथेच जन्मला. तो आता एकवीस वर्षांचा असून सहाव्या श्रेणीतील एका क्लबकडून फुटबॉल खेळतो आणि उरलेल्या वेळात एका गोदामात काम करतो. त्याच्याकडे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड आहे. डब्लिनमध्ये वाढलेला एक खेळाडू वडिलांच्या देशाकडून, म्हणजे पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाकडून, विश्वचषकाला पात्र ठरल्याचे वाचल्यापासून आमच्या घरात सर्वांचा आग्रह सुरू झाला आहे, की आपल्या नातवानेही भारताकडून खेळावे. हे शक्य आहे काय? त्याच्या आजोबांचा परभणीचा रहिवासी दाखला आम्ही काढून ठेवला आहे. त्याचा उपयोग होईल काय?
– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, परभणी

उत्तर : हातात ब्रिटिश पासपोर्ट असेपर्यंत आपल्या नातवाला भारताकडून खेळता येणार नाही, आणि रहिवासी दाखल्याने त्यात काही फरक पडणार नाही. याचे कारण समजण्यासाठी दोन निरनिराळे नियम वेगळे करून पाहावे लागतात, कारण घरोघरी होणाऱ्या चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

पहिला नियम फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा आहे. ज्या देशाकडून खेळायचे त्या देशाचे नागरिकत्व खेळाडूकडे असले पाहिजे, आणि ते नव्याने मिळवलेले असेल तर त्या देशाशी खरा संबंधही दाखवावा लागतो. खेळाडूचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशात झालेला असावा, अन्यथा खेळाडूने तेथे काही वर्षे वास्तव्य केलेले असावे, असे त्याचे स्वरूप आहे. वडिलांचा जन्म परभणीचा असल्याने आपला नातू या अटीत सहज बसतो. येथे उपयोगी पडेल तो वडिलांचा जन्मदाखला आणि त्यांचा जुना भारतीय पासपोर्ट. तेव्हा आजोबांचा रहिवासी दाखला काढण्यासाठी तहसील कार्यालयात जे हेलपाटे झाले असतील, ते या कामापुरते तरी वाया गेले.

अडचण दुसऱ्या नियमात आहे, आणि तो आपल्याच देशाचा आहे. भारतीय राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. ओसीआय कार्ड ही प्रवासाची आणि वास्तव्याची सवलत आहे. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही आणि भारतीय पासपोर्टही मिळत नाही. राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पासपोर्टधारकच खेळतील, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवले आणि ते धोरण आजही लागू आहे. आपण ज्या खेळाडूविषयी वाचले त्या रॉबर्टो ‘पिको’ लोपेस याच्यापुढे हा प्रश्नच नव्हता, कारण केप व्हर्देचा पासपोर्ट घेताना त्याला आयरिश पासपोर्ट सोडावा लागला नाही. आपल्या शेजाऱ्यांचेही तसेच आहे. कोपनहेगनमध्ये जन्मलेला जमाल भुयान २०१३ पासून बांगलादेशाकडून खेळतो आणि पुढे त्या संघाचा कर्णधार झाला. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला झेश रहमान इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील ब्रॅडफर्ड सिटीकडून खेळत असतानाही पाकिस्तानच्या संघात होता. हे दोन्ही देश अशा मुलांना दोन पासपोर्ट बाळगू देतात. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारत-बांगलादेश सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा शेफिल्ड युनायटेडचा हमझा चौधरी बांगलादेशाच्या मधल्या फळीत होता आणि त्यासाठी त्याने आपले ब्रिटिश नागरिकत्व सोडलेले नव्हते.

भारताकडून खेळण्याचा मार्ग बंद नाही, मात्र तो महाग आहे. ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणीतरी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, अशा सज्ञान व्यक्तीला अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात वास्तव्य केल्यावर नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. ते मिळवताना परकीय नागरिकत्व सोडावे लागते. फुटबॉलपटूच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ असा, की आधी एखाद्या भारतीय क्लबचा करार मिळवायचा, किमान एक वर्ष येथे राहायचे आणि मग अर्ज करायचा. अराता इझुमी या मार्गाने गेला. त्याचे वडील गुजराती, आई जपानी आणि जन्म जपानमधला. २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडले तेव्हा तो पुणे एफसीकडून खेळत होता आणि पुढच्या वर्षी तो भारताकडून उतरला. त्यानंतर बराच काळ या वाटेने कोणी आले नाही. न्यूकॅसल आणि संडरलंडकडून खेळलेल्या मायकेल चोप्राने भारताकडून खेळण्याची इच्छा वेळोवेळी बोलून दाखवली, २०१४ मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडून खेळायलाही आला, परंतु पासपोर्टचा प्रश्न सुटला नाही. अलीकडचे उदाहरण रायन विल्यम्सचे आहे. पर्थमध्ये जन्मलेल्या या खेळाडूची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड, रॉदरहॅम अशा क्लबांकडून खेळून २०२३ मध्ये तो बंगळुरूला आला आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून त्याने भारतीय पासपोर्ट घेतला. पूर्वी तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला असल्याने संघ बदलण्याची परवानगी आवश्यक होती; ती वेळेत न आल्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या सामन्यात त्याला खेळता आले नाही. आपल्या नातवाने इंग्लंडकडून कोणताही अधिकृत सामना खेळलेला नसेल, तर हा शेवटचा अडथळा त्याच्यापुढे नसेल.

आता न विचारलेल्या गोष्टीविषयी थोडे लिहितो, कारण पत्रात मुलाचे स्वतःचे मत कोठेच दिसले नाही. विल्यम्सने पासपोर्ट बदलला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, त्याच्या हाती भारतीय क्लबचा करार होता आणि राष्ट्रीय प्रशिक्षकांना तो हवा होता. सहाव्या श्रेणीतील एकवीस वर्षांच्या खेळाडूकडे यांपैकी काहीही नाही. नागरिकत्व मिळाल्याने संघातील जागा मिळत नाही. ती निवड समितीच्या आणि प्रशिक्षकांच्या हाती राहते. शिवाय ज्या भारतीय साखळीच्या भरवशावर त्याने घर सोडायचे, त्या आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) २०२५-२६ चा हंगाम व्यावसायिक करारांच्या वादामुळे ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही, आणि त्या काळात काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. आपल्या मराठवाड्यातील खेळाडूंचे कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि धावपटू म्हणून पुढे घडला तो त्या नोकरीच्या आधारावर. परदेशातील खालच्या श्रेणीच्या फुटबॉलपटूला तसा आधार नसतो. त्याचा करार बहुधा एका हंगामाचा असतो आणि मे महिन्यात तो संपतो. अशा मुलाला ‘देशासाठी एवढे कर’ असे परभणीतून सांगणे सोपे आहे, म्हणूनच ते जपून सांगावे. ब्रिटिश कायद्यानुसार दुसरे नागरिकत्व मिळवण्यासाठी सोडलेले नागरिकत्व एकदा परत मागता येते, ही जमेची बाजू आहे. पण ते परत घेतले की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जाते आणि त्याबरोबर भारतीय संघही.

त्याची खरोखरच इच्छा असेल, तर आधी येथील एखाद्या क्लबमध्ये चाचणीसाठी यावे आणि वर्षभर खेळून पाहावे. या एका वर्षात ब्रिटिश पासपोर्ट सोडण्याची काहीही गरज नाही, आणि पुढे अर्ज करायचा ठरला तर हेच वास्तव्य उपयोगी पडेल.

प्रश्न : खालच्या श्रेणीच्या क्लबला आपला खेळाडू राष्ट्रीय संघासाठी सोडावाच लागतो काय? त्या काळातला पगार कोण देतो, आणि अशा खेळाडूचे पुढे भले होते काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फिफाने राष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखांना क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, मग तो क्लब कोणत्याही श्रेणीचा असो. पगार क्लबच देत राहतो. प्रवास आणि निवासाचा खर्च बोलावणाऱ्या देशाच्या संघटनेकडे असतो. राष्ट्रीय सामन्यात व्यावसायिक खेळाडू जायबंदी होऊन अठ्ठावीस दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर फिफाची भरपाई योजना क्लबच्या मदतीला येते. पहिले अठ्ठावीस दिवस मात्र क्लबच्याच माथी, आणि चौथ्या श्रेणीच्या क्लबला तेही जड जातात.

नियमांत न दिसणारा तोटा वेगळाच आहे. राष्ट्रीय सामन्यांच्या काळात इंग्लंडच्या पहिल्या दोन श्रेणी थांबतात. तिसरी आणि चौथी, म्हणजे लीग वन आणि लीग टू, थांबत नाहीत. एखाद्या क्लबचे तीन किंवा अधिक खेळाडू राष्ट्रीय संघांत गेले असतील तर सामना पुढे ढकलण्याची विनंती करता येते, पण एकच खेळाडू गेला असेल तर सामना ठरल्याप्रमाणे होतो आणि त्याच्या जागी दुसरा खेळतो. तो दुसरा चांगला खेळला, की गयानाहून किंवा इस्लामाबादहून दोन रात्री विमानात काढून परतलेल्या खेळाडूला पुढच्या शनिवारी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागते. व्यवस्थापकाला त्यात काही गैर वाटत नाही आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते गैर नाहीही. त्याहून खालच्या, अर्धव्यावसायिक खेळाडूला तर आपल्या नोकरीतून बिनपगारी रजा काढावी लागते. माँटसेराट या कॅरिबियन बेटाचा संघ बराचसा अशाच खेळाडूंवर उभा आहे. १९९५ पासूनच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे तेथील बहुसंख्य लोक बेट सोडून गेले, त्यांतले पुष्कळ इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, आणि आज बेटावर जेमतेम पाच हजारांच्या आसपास माणसे उरली असताना संघ मात्र लंडनच्या उपनगरांतून गोळा होतो.

भले होण्याविषयी बोलायचे तर फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. बेन ब्रेरेटन हा स्टोकमध्ये जन्मलेला, चिलियन आईचा मुलगा, दुसऱ्या श्रेणीतील ब्लॅकबर्नकडून खेळत असताना २०२१ मध्ये चिलीच्या संघात गेला, आईचे आडनाव लावून ब्रेरेटन दियास झाला आणि २०२३ मध्ये स्पेनच्या व्हियारेआलपर्यंत पोहोचला. हे उदाहरण सर्वांना ठाऊक असते. त्यापेक्षा प्रातिनिधिक मला पॉल हॉल वाटतो. मँचेस्टरमध्ये जन्मलेला हा खेळाडू पोर्ट्समथकडून दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, जमैकाकडून १९९८ चा विश्वचषक खेळला, त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीगच्या कॉव्हेंट्रीने त्याला घेतले. तेथे त्याला फारसे सामने मिळाले नाहीत आणि पुढची बहुतेक वर्षे वॉल्सॉल, रशडेन, ट्रॅनमियर, चेस्टरफिल्ड अशा क्लबांत गेली. विश्वचषक खेळल्याने त्याच्या उपजीविकेत मोठा फरक पडला असे दिसत नाही. पण त्या श्रेणीतल्या किती खेळाडूंना बाटिस्टुटा आणि ऑर्टेगाच्या अर्जेंटिनासमोर उभे राहता आले?

पिको लोपेसची गोष्टही याच जातीची. डब्लिनच्या बोहेमियन्स या क्लबकडून तो खेळत असताना फुटबॉलवर पोट भरत नसे. तो बँकेत गृहकर्जाचे काम पाहत असे. २०१८ मध्ये, तो डब्लिनच्याच शॅमरॉक रोव्हर्स या क्लबमध्ये असताना, केप व्हर्देचे तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. पोर्तुगीज येत नसल्याने कोणीतरी फसवाफसवी करत असेल असे समजून त्याने तो सोडून दिला. काही महिन्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारणा झाली तेव्हा त्याला उलगडा झाला. २०१९ मध्ये तो त्या संघात आला आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी एस्वातिनीला ३-० असे हरवून, सव्वापाच लाखांच्या आसपास लोकसंख्येचा तो देश विश्वचषकाला पात्र ठरला. तेव्हाही पिको शॅमरॉक रोव्हर्सचाच बचावपटू होता.

प्रश्न : सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनासाठी इंग्लंडहून आलेल्या एका कुटुंबातील तरुणाच्या जर्सीवर ‘पंजाब’ असे लिहिलेले होते. आपण या संघाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचे तो म्हणाला. पंजाब तर भारतातील राज्य आहे. मग हा संघ कोणाचा?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तो तरुण खोटे बोलला नाही. फिफाचे सदस्य नसलेल्या संघांसाठी २०१३ मध्ये कोनिफा नावाची संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील पंजाबी खेळाडूंनी आपला संघ उभारला. त्यात प्रामुख्याने तेथील खालच्या आणि अर्धव्यावसायिक श्रेणींतील खेळाडू असतात. २०१६ मध्ये जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियात झालेल्या कोनिफाच्या विश्वचषकात हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि यजमानांकडून पेनल्टीवर हरला. ज्यांना भारतीय पासपोर्टअभावी आई-वडिलांच्या देशाकडून खेळता येत नाही, अशा मुलांना या संघाने एक मैदान दिले. या सामन्यांना फिफाची मान्यता नसल्यामुळे ते खेळल्याने पुढे कोणत्याही राष्ट्रीय संघाकडून खेळण्याचा हक्क जात नाही. ही माहिती परभणीच्या आपल्या वाचकांनीही नातवाला कळवावी.